इंजेक्शन चेहऱ्यात, गैरसमज डोक्यात

सोलापुरात चेहऱ्याची इंजेक्शनं आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठायची गरज उरली नाही. लग्नसराई तोंडावर आली की विचारणा वाढते आणि वऱ्हाड परतलं की तक्रारी सुरू होतात. ‘एवढे पैसे गेले, फरक काहीच नाही.’ ‘हसले की एकच भुवई वर जाते.’ ‘घरातले म्हणतात, तोंड कसं दिसालंय बघ!’ तक्रारी खोट्या नसतात. मात्र त्यावर शेजारीण, पार्लरवाली आणि इन्स्टाग्राम मिळून जे उपाय सुचवतात, ते बहुतेक अंदाजपंचे असतात. निराश झालेल्या माणसाने सर्वांत आधी एकच गोष्ट शोधून काढावी: चेहऱ्यात नेमकं काय टोचलं गेलं. पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं.

गैरसमज: सुईने टोचलं म्हणजे बोटॉक्सच

‘बोटॉक्सने ओठ फुगले’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोटॉक्सने ओठ फुगत नाहीत. ते बोट्युलिनम टॉक्सिन. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते काही काळ अडवतं, स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरची आठी विरते. हे विष मुळात खराब झालेल्या मांसातून होणाऱ्या विषबाधेमुळे माहीत झालं. पुढे अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं, 1989 मध्ये तिथे डोळ्यांच्या विकारांसाठी मान्यता मिळाली आणि कपाळावरच्या आठ्यांसाठी 2002 मध्ये. म्हणजे हे मूळचं डोळ्यांच्या दवाखान्यातलं औषध.

ओठ, गाल, डोळ्यांखालचा खड्डा भरतो तो फिलर. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असतात. हा पदार्थ आपल्या त्वचेत आणि सांध्यांतही असतो. काही फिलर कॅल्शियमच्या संयुगाचे, तर काही कायम राहणाऱ्या प्लास्टिकसदृश कणांचे. तिसरा प्रकार पीआरपीचा, म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळा काढलेला द्रव. या तिन्हींचं काम वेगळं, टिकण्याचा काळ वेगळा आणि बिघडल्यावरचा इलाज तर पूर्णच वेगळा.

निराशेचं एक मोठं कारण इथेच सापडतं. चेहरा शांत असतानाही दिसणारी खोल रेघ बोटॉक्सने पूर्ण जात नाही. ते भुवया आक्रसल्यावर पडणाऱ्या आठ्यांवर चालतं. ओघळलेली त्वचा फिलरने वर ओढली जात नाही. ती ओढण्याच्या नादात एक सीसी, आणखी एक सीसी असं भरत गेलं की गाल फुगतात आणि माणूस ओळखू येत नाही. औषध बरोबर होतं, टोचलंही नीट होतं, पण अपेक्षाच दुसऱ्या उपचाराची होती, असं पुष्कळदा घडतं. हे आधीच सांगून पैसे नाकारणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका.

गैरसमज: चार दिवस झाले, फरक नाही, म्हणजे फुकट गेलं

बोटॉक्सचा परिणाम साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसू लागतो आणि पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागतात. फिलरचं उलट. तो लगेच दिसतो, पण पहिल्या आठवड्यात दिसतं त्यात सूजही असते, ओठांना तर फारच. त्यामुळे दोन्हींचा निकाल पंधरा दिवसांनीच लावावा. हळदीच्या आदल्या दिवशी सुई टोचून घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. लग्नाआधी किमान महिनाभर हे उरकावं. काही दुरुस्ती लागली तर वेळ हाताशी राहतो.

पंधरा दिवसांनंतरही काहीच हललं नाही, तर मात्र विचारायचा हक्क आहे. बोटॉक्स बाटलीत कोरड्या, जेमतेम दिसणाऱ्या थराच्या रूपात येतं. डॉक्टर त्यात सलाइन घालून ते पातळ करतात. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची ठरलेली मात्रा 20 युनिट, पाच जागी वाटून. सलाइन जास्त घातलं तर सिरिंज भरलेली दिसते, औषध मात्र कमी असतं. म्हणून ‘किती सीसी’ असं न विचारता ‘किती युनिट’ असं विचारा. दुसरा भाग थंडाव्याचा. पातळ केलेलं औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून बसतो, त्यात वीज जाते. औषध कुठून आलं आणि कसं ठेवलं हा प्रश्न इथे आगाऊपणाचा ठरत नाही. बनावट मालाचा धोका तर जगभर आहे. अमेरिकेत 2024 मध्ये बनावट किंवा चुकीच्या पद्धतीने दिलेल्या बोट्युलिनम इंजेक्शनांमुळे 11 राज्यांतल्या 22 जणींना त्रास झाल्याचं तिथल्या सरकारी यंत्रणेने जाहीर केलं होतं. त्यातल्या काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं.

गैरसमज: पापणी उतरली म्हणजे लकवा मारला

औषध थोडं खाली सरकून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं की पापणी जड होते. आरशात बघून जीव घाबरतो, घरातले लकव्याचं नाव काढतात. बोटॉक्सनंतर काही दिवसांनी, फक्त पापणीपुरता हा त्रास असेल तर तो कायमचा नसतो; बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो. डॉक्टर डोळ्यांत घालायचे थेंब देतात, त्याने पापणी एक-दोन मिलिमीटर उचलली जाते. भुवई एका बाजूला वर चढली असेल तर दुसऱ्या आठवड्यानंतर एक-दोन युनिटांत ती सारखी करता येते. बोटॉक्सवर उतारा म्हणून टोचण्यासारखं काही नाही, धीर धरावाच लागतो. तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो, चांगलाही आणि वाईटही.

गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, बोलणं जड होणं, सगळ्या अंगात अशक्तपणा यांपैकी काही दिसलं तर मात्र धीर धरू नका, रुग्णालय गाठा. तोंड अचानक वाकडं झालं, सोबत हातपायात जोर राहिला नाही, तर बोटॉक्सवर खापर फोडत बसू नका. तो खरोखरच पक्षाघात असू शकतो.

एक छोटी सूचना. ‘जरा मसाज करून बसवून देते,’ असं पार्लरमध्ये कोणी म्हणालं तर नको म्हणा. ताज्या बोटॉक्सवर चोळलं तर ते भलत्या स्नायूत जाऊ शकतं. फिलरची गाठ लागली तरी मालिश डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय करायची नाही.

गैरसमज: बिघडलं तर विरघळवून टाकू

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणून जास्त घातक. हायल्युरॉनिडेझ नावाचं विकर फिलर विरघळवतं. ते दुर्मीळही नाही. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भूल नीट पसरावी म्हणून नेत्रतज्ज्ञ ते वर्षानुवर्षं वापरतात. पण ते फक्त हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवतं. कॅल्शियमच्या किंवा कायमच्या फिलरवर त्याचा उपयोग नाही. तिथे कधी स्टिरॉइड, कधी थेट शस्त्रक्रिया. काय टोचलं हे माहीत नसेल तर विरघळवणाराही अंधारात तीर मारतो.

विरघळवणं म्हणजे पुसून टाकणंही नव्हे. जुलै 2025 मध्ये मुंबईतल्या अभिनेत्री उर्फी जावेदने ओठांचे जुने फिलर विरघळवून घेतले आणि तो सुजलेला चेहरा व्हिडिओत जसाच्या तसा दाखवला. फिलर नीट जागी बसलेले नव्हते, असं तिचं म्हणणं होतं. लोकांनी टवाळी केली. मला विचाराल तर मराठी-हिंदी मनोरंजन क्षेत्रातल्या शंभर गुळगुळीत जाहिरातींपेक्षा त्या एका व्हिडिओने जास्त प्रबोधन केलं. ती सूज काही दिवसांत उतरते. पुन्हा भरायचं असेल तर साधारण दोन आठवडे थांबतात. या विकराची ॲलर्जी होऊ शकते. मधमाशी चावून ज्यांना मोठी रिॲक्शन आली आहे त्यांनी ते आधी सांगावं, कारण मधमाशीच्या विषातही याच जातीचं विकर असतं.

‘सहा महिन्यांत आपोआप जातं’ हेही सरसकट खरं नाही. एमआरआय तपासण्यांत गालांतला फिलर दोन वर्षांनंतरही सापडलेला आहे. म्हणून ‘उतरलंय’ असं वाटलं की लगेच नवा थर चढवणं शहाणपणाचं नाही.

गैरसमज: सुई टोचली, दुखणारच

आणखी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला किंवा त्याने ती दाबली गेली, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा आधी पांढुरकी पडते, मग जाळीसारखे निळसर-जांभळे डाग उमटतात, पुढे फोड येतात आणि त्वचा मरते. सावळ्या वर्णावर पांढुरकेपणा चटकन लक्षात येत नाही. म्हणून बोटाने दाबून सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते दुसऱ्या गालाशी ताडून बघा. दोन-तीन सेकंदांहून जास्त लागत असतील तर घड्याळ सुरू झालं समजा. दुखणं हीही खूण आहे, पण भरवशाची नाही. अनेक फिलरमध्ये भूल मिसळलेली असते, त्यामुळे सुरुवातीला कळतच नाही.

नाक, दोन भुवयांमधली जागा आणि कपाळ ही सर्वांत धोक्याची ठिकाणं. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत, आणि फिलरनंतर दृष्टी गेल्याची प्रकरणं जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असे प्रसंग विरळ आहेत. पण डोळ्याचा पडदा रक्ताविना तास-दीड तासच तग धरतो. नजर अंधुक झाली, डोळ्यात कळ आली, तर टोचणाऱ्या डॉक्टरांना त्याच मिनिटाला फोन करा. ते उचलत नसतील तर रात्र असो वा रविवार, नेत्रतज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठा. सोलापुरात डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं सिव्हिल आहे, तिथे अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. ‘सकाळी बर्फ लावून बघा’ हा सल्ला या वेळी ऐकायचा नाही.

आठवडे-महिन्यांनंतर उठणारी लाल, दुखरी गाठ हा वेगळा प्रकार. तिथे जंतुसंसर्ग आहे की शरीराची प्रतिक्रिया, हे त्वचातज्ज्ञाने ठरवायचं. मेडिकलवाल्याने नाही.

गैरसमज: गोरं करणारं इंजेक्शनही यातलंच

ग्लुटाथिओनची सलाइनं अनेकजण याच रांगेत धरतात. गोरेपणासाठीच्या कोणत्याही इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही, आणि फिलिपिन्सच्या प्रशासनाने तर जाहीर इशारा दिला आहे. रंग उजळला नाही म्हणून नाराज असाल तर डोस वाढवू नका. थांबवा.

गैरसमज: संमतीपत्रावर सही केली, आता बोलायची सोय नाही

परिणाम आवडला नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे आधी मान्य करू. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचे निकष काटेकोरपणे मांडले आहेत. पण सही म्हणजे सगळ्याला माफीही नाही. समिरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की संमती खरी ठरायची तर रुग्णाला उपचार, धोके आणि पर्याय पुरेसे समजावलेले असले पाहिजेत. टोचणारी व्यक्ती मुळात डॉक्टरच नसेल तर मामला आणखी वेगळा: राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर बघता येते.

पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून ग्राहक कायद्याखाली येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. औषधाचा दुष्परिणाम रुग्ण स्वतःही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर नोंदवू शकतो.

या सगळ्याला कागद लागतो. फिलरच्या खोक्यात ब्रँड आणि बॅच क्रमांकाचं चिकटणारं लेबल असतं. एक केसपेपरवर आणि एक तुमच्या हातात, असं आग्रहाने मागा. टोचण्याआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच उजेडात काढून ठेवा. ते राहून गेलं असेल तरी हरकत नाही. रुग्णाने नोंदी मागितल्या तर 72 तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि तीन वर्षं त्या जपून ठेवणंही. अर्ज लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय क्लिनिकमधून बाहेर पडू नका.