वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचा ताण आणि उपजीविकेचा प्रश्न : नाशिकच्या संदर्भात

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने रात्री जागून काढावयाच्या असतात, हा समज त्या शिक्षणाइतकाच जुना आहे. पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेत एकोणिसाव्या शतकात विद्यार्थ्यांची रेखाटने गोळा करण्यासाठी हातगाडी फिरत असे आणि गाडी दाराशी आल्यावरही, किंबहुना तिच्यावर चढूनही, विद्यार्थी शेवटच्या रेषा ओढीत राहात, अशी आख्यायिका सांगितली जाते. त्या गाडीचे ‘शारेत’ हे फ्रेंच नाव पुढे मुदतीपूर्वीच्या धावपळीलाच लागले. नाशिकात गाडी येत नाही, सबमिशनची तारीख येते. आणि त्या धावपळीस येथील विद्यार्थी ‘नाइट मारणे’ असा रोखठोक शब्दप्रयोग करतात. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या महाविद्यालयासह या शहरात वास्तुकलेचे शिक्षण देणाऱ्या एकाहून अधिक संस्था आहेत. पुढील विवेचन त्यांपैकी कोणा एकीविषयी नसून, या शिक्षणाच्या आणि त्यामागून येणाऱ्या व्यवसायाच्या घडणीविषयी आहे.

या ताणाचे कारण विचारले असता ‘काम फार असते’ असे उत्तर बहुधा मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यासही काम फार असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. कामाची मागणी मोठी असणे हे एकट्याने माणसास फारसे खचवीत नाही. मागणी मोठी आणि त्या कामावरील आपला ताबा मात्र तोकडा, अशी जोडी जुळली म्हणजे ताण अनावर होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आता स्टुडिओतील विद्यार्थ्याकडे पाहावे. वरवर पाहता त्याच्याइतका स्वतंत्र विद्यार्थी दुसरा नसेल. जागा दिली आहे, इमारतीची गरज सांगितली आहे, आराखडा त्याने आपल्या बुद्धीने करावयाचा आहे. तथापि त्या आराखड्याचे चांगलेवाईटपण कोणत्या कसोटीवर ठरणार, हे त्यास पुष्कळदा ज्यूरीच्या दिवसापर्यंत उमगत नाही. गणिताचे उत्तर ताडून पाहता येते. आराखड्याचे येत नाही. मंगळवारी एका शिक्षकाने उचलून धरलेली कल्पना शुक्रवारी दुसऱ्याने मोडीत काढली, हा अनुभव या विद्याशाखेत कोणास नवा नाही. काम केव्हा पुरे झाले हे ज्यास कळत नाही, तो मुदत संपेपर्यंत काम करीतच राहतो. रात्रीच्या जागरणाचे मूळ आळसापेक्षा येथे अधिक आहे.

यात वेळेचे अंकगणितही आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या 1983 च्या किमान मानकांनी वर्गाची प्रवेशमर्यादा 40 आणि शिक्षक-विद्यार्थी प्रमाण एकास आठ असे ठरविले होते. सत्र सुमारे 16 आठवड्यांचे धरले होते. चाळीस विद्यार्थ्यांस प्रत्येकी दहा मिनिटे दिली, तरी ज्यूरीस पावणेसात तास लागतात. म्हणजे सोळा आठवड्यांच्या श्रमाचा निकाल दहा मिनिटांत, तोही थकलेल्या परीक्षकांपुढे, न झोपलेल्या विद्यार्थ्याने उभे राहून ऐकावयाचा. अशा वेळी उच्चारलेले एखादे तिखट वाक्य परीक्षक संध्याकाळी विसरतो; विद्यार्थी मात्र ते वर्षानुवर्षे बाळगतो.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती भाषेची. येथे येणाऱ्या विद्यार्थ्यांत धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आणि नाशिक जिल्ह्याच्या तालुक्यांतून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुले-मुली असतात. ओसरी, पडवी, माजघर, परसदार ही त्यांची जगलेली जागा असते. ओसरीवर कोण बसतो, माजघरात कोण शिरत नाही, चौकातील पाणी कोणत्या बाजूने वाहून जाते, हे त्यांस पुस्तकावाचून ठाऊक असते. ज्यूरीपुढे मात्र त्याच ओसरीस जड इंग्रजी नाव देऊन तिचे समर्थन करावे लागते. शब्द अडखळतो आणि विचारच कच्चा असल्याचा ग्रह होतो. जुन्या नाशिकातील सराफ बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत मोजमापाच्या पट्ट्या घेऊन वाडे रेखाटणारा विद्यार्थी तुळईची आणि खणांची नावे तेथल्या वृद्ध रहिवाशांकडून मराठीतच शिकतो. ती नावे त्याच्या शीटवर मराठीतच लिहिली गेली, तर कोणत्या नियमाचा भंग होईल हे समजणे कठीण आहे.

निद्रानाशाचे मोल मात्र कोणत्याही भाषेत सारखेच आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानुसार, सलग 17 तास जागलेल्या माणसाची हातडोळ्यांच्या समन्वयाची क्षमता रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. चोवीस तासांनंतर ती सुमारे 0.10 टक्क्यांच्या पातळीवर येते. भारतातील मोटार वाहन कायद्याने चालकासाठी घातलेली मर्यादा 0.03 टक्के आहे. सकाळी सबमिशन देऊन गंगापूर रोडने किंवा मुंबई-आग्रा महामार्गाने दुचाकीवर घरी निघालेला विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो, एवढेच. मॉडेलसाठी पुठ्ठा कापणाऱ्या पात्याखाली पहाटे चार वाजता बोट येते, तेही याच कारणाने. अमेरिकेत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2002 मध्ये स्टुडिओच्या संस्कृतीविषयी एक अहवाल काढून जागरणास शौर्य मानण्याच्या प्रथेवर उघड टीका केली. इंग्लंडमधील ‘आर्किटेक्ट्स जर्नल’च्या 2016 च्या पाहणीत, उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक जणांनी शिक्षणाशी निगडित मानसिक त्रासासाठी वैद्यकीय मदत घेतल्याचे सांगितले. ते आकडे नाशिकला जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही. परंतु शिक्षणपद्धतीचा साचा तोच असल्याने दुखण्याची जात वेगळी असण्याचे कारण दिसत नाही.

शिक्षण आणि उपजीविका यांमधील पूल म्हणजे कार्यालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण. 1983 च्या मानकांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमापैकी एक सत्र, सुमारे 16 आठवडे, व्यावसायिकाच्या कार्यालयात घालविणे आवश्यक मानले होते. हा पूल ओलांडताना विद्यार्थ्यास प्रथमच असा धक्का बसतो की, स्टुडिओत ज्यास त्याने वास्तुकला म्हणून ओळखले, ते कार्यालयाच्या दिवसाचा अल्पांश असते. नाशिकमधील लहान कार्यालयाचे बरेचसे काम रो-हाऊस, बंगले, मध्यम उंचीच्या सदनिका यांचे. आणि त्यातही महापालिकेच्या नगररचना विभागात दाखल करावयाचे नकाशे, त्यांतील त्रुटींची पूर्तता, पुढे भोगवटा दाखला, यांचे. मुंबई-पुण्याकडे गेल्यास कामाचा आवाका वाढतो, पण खोलीचे भाडे आणि प्रवासाचा खर्चही वाढतो, आणि विद्यावेतन त्या खर्चास पुरेलच असे नाही. काही ठिकाणी ते मिळतही नाही; ‘शिकायला मिळते आहे ना’ हा युक्तिवाद पुढे येतो. ब्रिटनमधील वास्तुविशारदांच्या राजसंस्थेने आपल्या मान्यताप्राप्त कार्यालयांवर विद्यार्थ्यांना किमान वेतन देण्याचे बंधन 2011 मध्ये घातले. ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात त्यानेच चांगल्या कार्यालयात शिकावे, ही निवड गुणवत्तेची नव्हे.

पदवीनंतरच्या निराशेचे मूळ समजून घेण्यास कायद्याकडे वळावे लागते. वास्तुविशारद अधिनियम 1972 मध्ये झाला. मान्य पदवी मिळाली की पदवीधर कौन्सिलकडे नोंदणीस पात्र होतो. परंतु हा अधिनियम संरक्षण देतो ते ‘वास्तुविशारद’ या पदनामास. त्या व्यवसायाच्या कामास नव्हे. मार्च 2020 मध्ये मुकेश गोयल प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने कलम 37 चा हाच अर्थ स्पष्ट केला: नोंदणी नसलेल्याने पदनाम लावू नये, मात्र आराखडा करण्याच्या कामास त्या कलमाने बंदी नाही. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही, बांधकाम परवानगीचे काही काम परवानाधारक अभियंत्यासही करता येते. परिणामी बंगला बांधू पाहणाऱ्या नाशिककरापुढे तीन-चार प्रकारची माणसे उभी असतात आणि सौदा चौरस फुटामागे अमुक रुपये या दराने ठरतो. दर पडला की कार्यालयाचे उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की नव्या पदवीधराचा पगार घटतो. पाच वर्षे झोप मोडून शिकलेला तरुण हा पगार पाहतो आणि आपल्यातच काही उणे आहे, असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचे त्यास पदवीपूर्वीच कोणीतरी सांगावयास हवे.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 च्या ग्रंथात ताणास तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे केले: प्रश्नावरच उपाय करणे, आणि प्रश्नातून उठणाऱ्या भावनेस आवरणे. जेथे काही बदलता येण्याजोगे आहे तेथे पहिला मार्ग, जेथे नाही तेथे दुसरा, असा विवेक ठेवल्यास श्रम वाचतात. नाशिकच्या विद्यार्थ्यापुढील गोष्टींची अशी वाटणी करता येते. बांधकामाची मंदी, चौरस फुटाचा दर, कायद्याचे कलम या गोष्टी त्याच्या हाती नाहीत. त्यांविषयी मित्रांशी आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोलणे, मुलाखतीतील नकारास स्वतःच्या लायकीचा दाखला न मानणे, एवढेच शक्य असते, आणि ते थोडे नव्हे. झोप उडणे, जेवण सुटणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसू लागली तर मात्र प्रश्न अभ्यासाचा उरत नाही. तेथे वैद्यकीय सल्ला हवा. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

हाती असलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे आराखडा गोठविण्याची तारीख. सोळा आठवड्यांच्या सत्रात बाराव्या आठवड्यानंतर मूळ कल्पना बदलावयाची नाही, असे विद्यार्थ्याने स्वतःशी आणि आपल्या शिक्षकाशी ठरवून घेतल्यास उरलेले चार आठवडे रेखाटनास मिळतात. उत्तम कल्पना तेराव्या आठवड्यात सुचते हे खरे. ती पुढच्या सत्रासाठी वहीत टिपून ठेवावी. दुसरी गोष्ट पोर्टफोलिओची. नाशिकमधील कार्यालयप्रमुखास दहा आकर्षक चित्रांपेक्षा एका लहान घराच्या वर्किंग ड्रॉइंगचा संपूर्ण संच पाहून उमेदवाराची पारख अधिक होते: जिन्याचा छेद, खिडकीचा तपशील, पाण्याच्या नळांची जागा. हा संच चौथ्या वर्षाच्या सुट्टीत होऊ शकतो. तिसरी, कामाच्या क्षेत्राविषयीची. गावठाणातील मोडकळीस आलेल्या वाड्यांना महापालिका पावसाळ्यापूर्वी नोटिसा देते. त्यांपैकी कोणता वाडा दुरुस्त होऊ शकतो, हे मोजमाप करून सांगणारी माणसे थोडी आहेत. 2015 नंतरचा सिंहस्थ 2026-27 मध्ये येत आहे. घाट, निवारे, गर्दीच्या वाटा यांच्या कामात तरुण हातांची गरज पडते, जरी ते काम तात्पुरते असले तरी. शासकीय नगररचना सेवेतील काही पदांस वास्तुकलेची पदवी चालते, ही माहितीही पुष्कळांस फार उशिरा मिळते.

विभागांनी करावयाचे काम याहून सोपे आहे, कारण त्यास पैसा फारसा लागत नाही. परीक्षणाच्या कसोट्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात लेखी द्याव्यात. ज्यूरीने प्रत्येक विद्यार्थ्यास दोन-तीन ओळींचा लेखी अभिप्राय द्यावा; लिहिताना परीक्षकाचीही भाषा आपोआप नेमस्त होते. एकाच आठवड्यात तीन विषयांची सबमिशने येणार नाहीत असे वेळापत्रक शिक्षकांनी एकत्र बसून आखावे. रात्री ठरावीक वेळेस स्टुडिओ बंद करण्याने काम वसतिगृहाच्या खोलीत सरकते, एवढेच होते. वेळापत्रक न बदलता दारास कुलूप घालणे निरर्थक आहे. आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाहून परतलेल्या विद्यार्थ्याकडून केवळ केलेल्या रेखाटनांचा अहवाल न घेता, रोज किती तास काम केले, काय शिकविले गेले आणि विद्यावेतन किती मिळाले, यांची नोंदही घ्यावी. ही नोंदवही विभागात राहिली आणि प्रशिक्षणास निघालेल्या पुढील वर्गास वाचावयास मिळाली, तर कोणत्या कार्यालयात जावे हे त्यांस ऐकीव गोष्टींवरून ठरवावे लागणार नाही.