टुंड्रा हिरवा होतोय, मग बिघडलं कुठे?

कॅनडाचा नकाशा समोर ठेवा. एडमंटनवर बोट ठेवा आणि ते हळूहळू वर, उत्तरेकडे सरकवा. आधी शेतं लागतात, मग घनदाट जंगल. पुढे झाडं बुटकी आणि विरळ होत जातात. शेवटी अशी जागा येते, की तिथून पुढे उंच झाड दिसतच नाही. तिथे टुंड्रा सुरू होतो.

टुंड्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नुसता पांढरा बर्फ येतो. पण उन्हाळ्यात तिथे गवत, फुलं, शेवाळ, बेरीची झुडपं असं खूप काही असतं. आता हवा तापते आहे आणि टुंड्राचा बराच भाग आणखी हिरवा होतो आहे. हिरवळ वाढली तर चांगलंच की! मग शास्त्रज्ञांना काळजी का वाटते? ते समजण्यासाठी आधी तिथली झाडं कशी जगतात ते पाहू.

बुटकं असण्याचा फायदा

टुंड्रातला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यात जमिनीचा फक्त वरचा थर वितळतो. त्याच्या खाली पर्माफ्रॉस्ट असतो, म्हणजे उन्हाळ्यातही न वितळणारी, वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. मुळांना खोल जाता येत नाही. वर बोचरा वारा असतो. म्हणून इथल्या वनस्पती जमिनीला चिकटून वाढतात. तिथे वारा कमी लागतो आणि थोडी ऊब मिळते.

आर्क्टिक विलो हे खरं तर झुडूप आहे. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज नावाचं झाड असतं, त्याच्याच कुळातलं. पण आर्क्टिक विलो बऱ्याचदा तुमच्या घोट्याच्या वरही जात नाही! नुनावुतचं अधिकृत फूल म्हणजे जांभळं सॅक्सिफ्रेज. तेही छोट्या गादीसारखं जमिनीवर पसरतं.

सुट्टीत भारतात गेल्यावर तुमच्यापैकी कुणी साताऱ्याजवळचं कास पठार पाहिलं असेल. तिथे थंडी नाही, पण जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो. पावसाळ्यात काही आठवडेच फुलं दिसतात. माती कमी, वेळ कमी. म्हणून लहान राहायचं आणि पटकन फुलायचं. दोन्हीकडे युक्ती एकच.

बेटावरची नोंदवही

१९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. याचा झाडांवर काय परिणाम झाला?

युकॉनच्या उत्तर किनाऱ्याजवळ हर्शल नावाचं बेट आहे. तिथले इनुवियालुइट लोक त्याला किकिकटारुक म्हणतात. त्यांच्या भाषेत याचा अर्थच ‘बेट’. इथे १९९९ पासून ठरावीक चौकटी आखून त्यांतल्या वनस्पती मोजल्या जातात. कोणती वनस्पती आहे, किती उंच आहे, मोकळी माती किती उरली आहे, हे सगळं लिहून ठेवतात. बेटावरचे रेंजर उन्हाळ्यात ठरलेल्या झाडांपाशी पुन्हा पुन्हा जातात आणि पहिलं पान कधी फुटलं, फूल कधी आलं याच्या तारखा नोंदवतात.

वीसेक वर्षांच्या नोंदी जुळवल्यावर चित्र स्पष्ट झालं. झुडपं आणि गवत वाढलं. वनस्पतींची उंची वाढली. मोकळी माती कमी झाली. उन्हाळ्यात जमीन आधीपेक्षा जास्त खोल वितळू लागली.

छत नसलेली पेटी

पण हा बदल गरमीमुळेच होतो, हे कसं ओळखायचं? त्यासाठी १९९० मध्ये अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून एक प्रयोग ठरवला. टुंड्रातल्या काही जागांभोवती पारदर्शक भिंती उभ्या करायच्या, वर छत नाही. आत ऊन येतं, वारा अडतो आणि हवा साधारण १ ते ३ अंश गरम राहते. शेजारची तशीच जागा मात्र उघडी ठेवायची. मग दोन्हींची तुलना करायची.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लोकही असंच करतो. जुना प्रोग्राम तसाच ठेवतो, त्याच्या प्रतीत एकच बदल करतो आणि काय फरक पडला ते बघतो. एकदम दहा बदल केले तर कशामुळे काय झालं हे कळणारच नाही!

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समियर बेटावरच्या अलेक्झांड्रा फियॉर्डमध्ये हा प्रयोग १९९२ पासून चालू आहे. तिथे आणि इतर देशांतही असे प्रयोग झाले. सगळीकडे उत्तर तंतोतंत सारखं आलं नाही, पण अनेक ठिकाणी पेट्यांमध्ये झुडपं आणि गवत उंच झालं आणि शेवाळ, दगडफूल कमी झालं.

सावलीत कोण गेलं?

हो, दगडफूल! आई-आजीच्या गोड्या मसाल्यात घालतात तेच. इंग्रजीत ज्याला लायकेन म्हणतात, त्याचाच तो एक प्रकार. (दगडफूल ही खरी वनस्पती नव्हे, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून ते बनतं.) टुंड्रात दगडफुलाचे कितीतरी प्रकार आहेत आणि ते फार सावकाश वाढतात. कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतले रेनडियर, हिवाळ्यात बर्फ उकरून मुख्यतः तेच खातात. झुडपांची सावली आणि गळलेली पानं अंगावर पडली की दगडफुलाचं काही खरं नसतं. मग कॅरिबूंनी हिवाळ्यात खायचं काय?

माणसांचंही तसंच. कोकणात मे महिन्यात सगळं घर करवंदं तोडायला निघतं ना, तसे इनुइट लोक उन्हाळ्याच्या शेवटी बेरी वेचायला जातात. उत्तर क्वेबेकच्या नुनाविक भागातले वडीलधारे लोक सांगतात, की झुडपं आता पूर्वीपेक्षा उंच आणि दाट झाली आहेत. बुटक्या बेरीला ऊन लागतं. दाट सावलीत तिचं रोप जगतं, पण फळ कमी धरतं.

बर्फाची गोधडी

आणखी एक गोष्ट जमिनीखाली घडते. उंच झुडपांत वाऱ्याने उडणारा बर्फ अडकून साठतो. जाड बर्फ गोधडीसारखं काम करतो. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी खालची माती तेवढी थंड होत नाही. वसंतात बर्फाबाहेर आलेल्या काळ्या फांद्या ऊन शोषून घेतात आणि आजूबाजूची हवा तापवतात. उन्हाळ्यात मात्र हीच झुडपं सावली देऊन जमीन थंड ठेवतात. म्हणजे झुडपं दोन्ही बाजूंनी खेळतात! कुठली बाजू जिंकते, हे त्या त्या जागेवर अवलंबून असतं.

हे महत्त्वाचं आहे, कारण आज हवेत जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन उत्तरेकडच्या गोठलेल्या जमिनीत साठलेला आहे. जमीन वितळली की जिवाणू जुनी मुळं आणि पानं कुजवू लागतात. मग कार्बन वायूच्या रूपात हवेत जातो आणि पृथ्वी आणखी तापते. टोरांटोपासून पुण्यापर्यंत सगळ्यांनाच त्याची झळ लागते.

आकडा तोच, घर वेगळं

२०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. आर्क्टिकमधल्या ४५ ठिकाणच्या २,००० हून जास्त चौकटींच्या, १९८१ ते २०२२ या काळातल्या नोंदी त्यात एकत्र केल्या होत्या. सरासरी पाहिली तर वनस्पतींच्या जातींची संख्या फारशी वाढली नाही, की कमी झाली नाही. पण निम्म्याहून जास्त चौकटींमध्ये काही जाती गेल्या होत्या किंवा नव्या आल्या होत्या. आणि जिथे झुडपं पसरली, तिथे जाती कमी झाल्या.

समजा, तुमच्या वर्गात आधीही वीस मुलं होती आणि आजही वीसच आहेत. पण त्यांतली दहा नवी आहेत. पट तोच आहे, पण वर्ग तोच आहे का?

म्हणून टुंड्राकडे बघताना ‘किती हिरवं?’ एवढंच विचारून पुरत नाही. ‘कोण वाढलं, कोण सावलीत गेलं आणि त्याच्यावर कोण जगत होतं?’ हेही विचारावं लागतं. उपग्रहाच्या फोटोत हिरवा रंग दिसतो. त्या हिरव्या रंगात बेरी आहे की नाही, हे मात्र वाकून, गुडघ्यावर बसूनच मोजावं लागतं. किकिकटारुकवर ते काम चालू आहे.

शब्दार्थ
विरळ – दाट नसलेलं
बोचरा – टोचल्यासारखा लागणारा
सडा – डोंगरमाथ्यावरचं सपाट, खडकाळ पठार
गोधडी – जुन्या कापडांचे थर शिवून केलेलं पांघरूण
पट – वर्गातल्या मुलांची एकूण संख्या

उत्तरं लिहा
१. टुंड्रातल्या वनस्पती बुटक्या का असतात? दोन कारणं लिहा.
२. पेटीशेजारची जागा उघडी का ठेवतात?
३. झुडपं जमीन गरम कशी ठेवतात आणि थंड कशी ठेवतात?
४. घरातल्या मोठ्यांना विचारा: त्यांच्या लहानपणी गावात मिळणारं कोणतं फळ किंवा फूल आता कमी दिसतं? त्यावर पाच वाक्यं लिहा.