अपंगांचे साहाय्य आणि घरची भाषा

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत अपंगांच्या उपचाराची साधने नाहीत असे म्हणता येणार नाही. हुबळीस ‘किम्स’ या नावाने परिचित असलेले मोठे सरकारी रुग्णालय आहे. धारवाडास ‘डिम्हान्स’ ही मनोविकार व मज्जाविकारांवर उपचार करणारी संस्था आहे. कलघटगी, हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांतील रानावनांत राहणाऱ्या सिद्दी व गवळी कुटुंबांना ही साधने कितपत लाभतात, हा खरा प्रश्न आहे.

सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे. त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीज अमदानीत गुलाम म्हणून गोव्यात आणण्यात आले होते. त्यांच्यात ख्रिस्ती, हिंदू व मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि घरची भाषा बहुधा कोकणी आहे. गवळ्यांच्या घरी मराठीचीच एक बोली चालते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली, तर बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना २०२० साली अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचे अपंगत्व मानतो. सिकलसेलसारखा रक्तदोषही त्यांत येतो. (सरकारी मराठीत आता ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द गोड झाला, दाखल्याची वाट मात्र तेवढीच लांब राहिली.) आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि तो एकदा मिळाला की देशभर ग्राह्य असतो. पाय लुळा असेल तर तो डोळ्यांना दिसतो. बुद्धीची परीक्षा मात्र प्रश्नोत्तरांतून होते. कोकणीत वाढलेल्या मुलास कन्नडमध्ये वस्तूंची नावे विचारली आणि ते गप्प राहिले, तर ते मौन मंदबुद्धीचे की परक्या भाषेचे? उलटपक्षी, ‘रानातले मूल, लाजते आहे’ असे म्हणून खरे बहिरेपणही नजरेआड होऊ शकते.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या मनुष्याला पाण्याची वाण नव्हती. त्याला पाण्यापर्यंत नेणारे कोणी नव्हते. आपल्या धर्मग्रामांतील शिक्षकांना व धर्मभगिनींना हे काम करता येईल. त्यांनी तपासणीच्या वेळी दुभाषी म्हणून सोबत जावे, आणि मुलाची घरची भाषा कोणती हे कागदपत्रांत नोंदवून घ्यावे. ग्रामपंचायतीकडे पुनर्वसन-कार्यकर्ता असतो, त्यासही या वस्त्यांची ओळख करून द्यावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. हल्याळ-यल्लापूरच्या माणसाचे जिल्हा ठिकाण घाटाखाली कारवारला, पण उपचारांसाठी हुबळी-धारवाडची वाट अधिक सोयीची. २०१७ च्या नियमांप्रमाणे दाखल्याचा अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, तसाच ज्या सरकारी रुग्णालयात त्या अपंगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत तेथेही करता येतो. म्हणून उपचाराचे प्रत्येक चिटोरे जपून ठेवण्यास कुटुंबाला सांगावे. निर्णय अमान्य असल्यास अपिलाची तरतूद कायद्यातच आहे. त्या वेळीही हेच कागद उपयोगी पडतात.