बागेंतील कण्हेर

"कण्हेरीस काय जपावयाचें, ती कोठेंही येते," असें आमचे पुष्कळ शेतकरी बंधु म्हणतात, व तें बऱ्याच अंशीं खरें आहे. ओढ्याच्या पात्रांत, धोंड्यांच्या फटींत, पुरांत व उन्हांत सारखेंच टिकणारें असें हें झाड आहे. परंतु अंगणांतील कण्हेर सोट्यासारखी उंच जाते, बुडाशीं उघडी पडते आणि शेंड्यास चार फुलें देते, अशी तक्रारही तेच बंधु करितात. हा दोष झाडाचा नसून जागेचा व छाटणीचा होय.

कण्हेरीस दिवसाचें बहुतेक ऊन मिळालें पाहिजे. सावलींत नुसता पाला वाढतो. जमीन हलकी वा किंचित खारवट असली तरी चालते, मात्र बुडाशीं पाणी तुंबूं देऊं नये. पावसाळ्यांत पक्व फांदीचे वीतभर तुकडे निम्मे मातींत पुरले म्हणजे सहज मूळ धरितात. पहिल्या वर्षीं नेमानें पाणी द्यावें. पुढें उन्हाळ्यांत अधूनमधून दिलें तरी पुरे.

फुलें नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. म्हणून थंडीच्या अखेरीस प्रत्येक फांदी तिसऱ्या हिश्शानें कमी करावी. कण्हेरीच्या पेऱ्यास बहुधा तीन तीन पानें असतात. पेऱ्याच्या किंचित वर कापल्यास त्या पानांच्या बगलांतून नव्या फांद्या निघतात व झुडूप भरतें. जुनें, उघडें पडलेलें झाड हातभर उंचीवर तोडलें तरी पुन्हां फुटतें. शेंड्यावर पिवळा मावा दिसल्यास साबणाचें पाणी मारावें.

आतां खऱ्या धोक्याची गोष्ट. कण्हेरीचें पान, फूल, साल, मूळ, सर्व विषारी असून तें विष हृदयावर चालतें. हिरवा पाला कडू असल्यामुळें गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. महामार्गांच्या दुभाजकांवर ही लावितात त्याचें हेंही एक कारण आहे. घात होतो तो छाटणीनंतर. सुकलेल्या पाल्याचें विष जात नाहीं, आणि असा पाला कडब्यांत मिसळला तर जनावरास तो निवडतां येत नाहीं. दहावीस पानेंदेखील मोठ्या बैलाच्या जिवावर बेततात. हगवण, थरकांप, अनियमित नाडी हीं लक्षणें दिसतांच घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें. कित्येकदां तितकाही अवकाश मिळत नाहीं.

यास्तव गोठा, गव्हाण, हौद व कडब्याची गंजी यांजवळ कण्हेर लावूं नये. देवपूजेसाठीं हवी असल्यास ती घराच्या दर्शनी बाजूस असावी. पिवळी कण्हेर, जिला कोठें कोठें बिट्टी म्हणतात, ती मूळची अमेरिकेंतील निराळी जात. तिच्या बिया तर अत्यंत विषारी. मुलें त्या खेळावयास घेतात, त्यांस आवरावें. छाटणी करितांना चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये व नंतर हात धुवावे. छाटलेल्या फांद्या चुलींत घालूं नयेत, कारण धूरही बाधतो. त्या मोजून गोळा करून त्याच दिवशीं गुरें फिरकत नाहींत अशा ठिकाणीं खोल पुराव्या.