सोन्याच्या डबीत मातीची खापरं

नालासोपारा स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचं, रिक्षांचा गलका मागे टाकायचा आणि सोपारा गावाच्या दिशेने निघायचं. इमारती विरळ होत जातात, मग वाड्या, केळी, एखादं बावखल. तिथेच विटांचा एक मोठा उंचवटा आहे. गावकरी त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'बुरुड राजाचा कोट' म्हणत आले.

एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा कोट खणायला घेतला. जुनागढचे हे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झाले होते आणि ब्राह्मी लिपी सहज वाचत. हा कोट म्हणजे खरं तर बौद्ध स्तूप होता. विटांच्या भरीव घुमटाच्या मधोमध त्यांना एक गोल दगडी पेटी लागली. झाकण उचललं, तर आत ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती वर्तुळात बसलेल्या. तळहातावर मावतील एवढ्या. सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय! त्यांच्या मधोमध तांब्याची डबी. तांब्याच्या आत चांदीची, चांदीच्या आत दगडाची, दगडाच्या आत स्फटिकाची आणि स्फटिकाच्या आत सोन्याची. सोबत सोन्याची नाजूक फुलं. आणि त्या शेवटच्या, सगळ्यात मौल्यवान डबीत काय असावं? मातीच्या भांड्याची बारीक खापरं.

भगवानलालांनी ओळखलं, की ही बुद्धाच्या भिक्षापात्राची खापरं म्हणून इथे पुजली गेली होती. ती खरोखर त्याच पात्राची होती का, हा प्रश्न मला गौण वाटतो. एका मडक्याच्या तुकड्यांसाठी ज्या गावाने धातूवर धातू चढवले, त्या गावाला मोल कशाला द्यायचं हे पक्कं ठाऊक होतं.

पेटीत आणखी एक धक्का होता. तिथे यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं सापडलं, म्हणजे काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. मूर्तींची घडण मात्र अभ्यासकांच्या मते आठव्या-नवव्या शतकातली. याचा अर्थ, बांधल्यानंतर सहाएकशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप आदराने उघडला, जुन्या डबीभोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. मधल्या काळात राजवटी उलथल्या, पण आत काय ठेवलंय हे सोपाऱ्याला आठवत होतं.

एवढं ऐश्वर्य इथे आलं ते पाण्यावाटे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि मधल्या खाडीच्या काठावर हे बंदर. महाभारतात ते शूर्पारक म्हणून येतं, टॉलेमीच्या भूगोलात सूपारा. नाशिकच्या लेण्यांत उषवदात या दात्याने कोरलेल्या दानांच्या यादीत शोर्पारग आहे, आणि कार्ल्याच्या चैत्यातला एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूने दिलेला आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि गलबतांच्या जागी वाड्या आल्या.

बौद्ध कथांतला पूर्ण हा याच गावचा व्यापारी. तो भिक्षू होऊन आपल्या अपरान्ताकडे, म्हणजे कोकणाकडे, परत निघाला, तेव्हा बुद्धाने विचारलं, तिकडचे लोक तापट, शिव्या देतील तर? तो म्हणाला, मारलं तर नाही ना, म्हणजे चांगलेच. आणि मारलं तर? जीव तर घेतला नाही. असं एकेक पायरीने जिवावर बेतेपर्यंत संवाद चालतो आणि पूर्ण काही डगमगत नाही. कोकणातल्या माणसांबद्दलचं इतकं जुनं आणि इतकं प्रेमळ बोलणं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

डब्या आणि मूर्ती मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. पण स्तूप पाहून झाल्यावर सोपाऱ्यातच चक्रेश्वराच्या देवळाकडे वळा. तिथे ब्रह्मदेवाची पुरुषभर उंचीची दगडी मूर्ती उभी आहे. ब्रह्मदेव असे सहसा भेटत नाहीत, त्यामुळे तिच्या दाढ्या आणि दागिने जवळ जाऊन सावकाश बघावेत.

स्तूप उघडला त्याच साली इथे काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मीतल्या काही तुटक ओळी होत्या, आणि त्या निघाल्या सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांच्या मालिकेतल्या आठव्या लेखातल्या. शिकारीच्या मौजयात्रा सोडून आपण धर्मयात्रा सुरू केल्या, असं तो त्यात सांगतो. हा तुकडा आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मग 1956 साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. या मालिकेतला एखादा लेख महाराष्ट्रात मिळालेलं सोपारा परिसर हे एकमेव ठिकाण. अशोकाने अशी मालिका इतरत्र सलग कोरवली होती, तेव्हा उरलेले बाराही इथे असणार असं मला मनापासून वाटतं. म्हणून सोपारा, भुईगाव, निर्मळ या पट्ट्यात कुणी विहीर उपसली किंवा जुनं जोतं उकललं, तर त्यातला प्रत्येक काळा दगड धुऊन, उलटा करून बघावा.