हिशेब तोंडी नको, लेखी हवा

शहागंजच्या बाजारात मुरलेला व्यापारी बेरीज तोंडी करतो, पण उधारी वहीतच मांडतो. महिन्याने वाद निघाला तर तोंडचा हिशेब उपयोगी पडत नाही. वहीतली ओळ दाखवावी लागते. वैद्यकीय संशोधनातल्या आकडेमोडीलाही हाच नियम लागू आहे.

शहरातल्या घाटी रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. रुग्णांच्या नोंदींतून निष्कर्ष काढण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोफत संगणकभाषा म्हणजे ‘आर’. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातले रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन हे तिचे जनक. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली.

‘आर’ सुरू केले की समोर येतो तो कन्सोल. त्यात आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचे, की लगेच उत्तर. सोय मोठी, पण हा तोंडी हिशेब झाला. समजा, एका रुग्णाची रक्तशर्करा ११० ऐवजी ११०० अशी नोंदली गेली. रात्री उशिरा ती नोंद थेट कन्सोलमध्ये वगळली आणि सरासरी काढली. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी विचारले, ‘हा आकडा कुठून आला?’ मूळ नोंदींवरून सरासरी पुन्हा काढली तर वेगळीच येते आणि काय वगळले होते ते कुणालाच आठवत नाही.

यावरचा उपाय म्हणजे एडिटर आणि कन्सोल यांची जोडणी. आज्ञा एडिटरमधल्या फाइलमध्ये लिहायच्या. त्यातल्या एखाद्या ओळीवर कर्सर ठेवून ठरलेली कळ दाबली की ती ओळ कन्सोलकडे जाते आणि उत्तर तिथे दिसते. काम तितक्याच वेगाने होते, शिवाय वही आपोआप तयार होते. ईमॅक्स या जुन्या एडिटरसाठी १९९०च्या दशकात ‘ईमॅक्स स्पीक्स स्टॅटिस्टिक्स’ ही जोडणी तयार झाली. २०११मध्ये आलेल्या आरस्टुडिओत एडिटर आणि कन्सोल एकाच पडद्यावर असतात. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की ओळ धावते.

लेखी हिशेब नसला तर काय होते, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. कर्करोगाच्या कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे जनुकांवरून सांगता येते, असा दावा तिथल्या संशोधकांनी २००६मध्ये केला. एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी आकडे तपासायला घेतले. हिशेबाच्या पायऱ्या पुरेशा नोंदलेल्या नव्हत्या, त्यामुळे उत्तरावरून उलटा माग काढावा लागला. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली निघाली. काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे, या खुणाच उलट्या लागल्या होत्या. दोघांनी २००९मध्ये हे प्रसिद्ध केले, तेव्हा याच सूत्रांच्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरू होत्या. त्या २०१०मध्ये बंद झाल्या आणि २०११मध्ये मूळ शोधनिबंध मागे घेतला गेला. पुढे चौकशीत आकड्यांत फेरफार झाल्याचेही निष्पन्न झाले. फाइल ठेवल्याने लबाडी थांबत नाही. पण आज्ञा लिहिलेल्या असत्या, तर ती पकडायला इतका काळ लागला नसता.

एक खबरदारी मात्र हवी. कन्सोलला जुने आकडे लक्षात राहतात, त्यामुळे फाइल अपुरी असली तरी काम चालल्यासारखे वाटते. म्हणून ‘आर’ बंद करताना ‘काम साठवायचे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावे. मूळ नोंदी आणि आज्ञांची फाइल जपावी. दुसऱ्या दिवशी कन्सोल नव्याने उघडून फाइल पहिल्या ओळीपासून चालवावी. तोच आकडा आला तरच तो प्रबंधात घ्यावा. उद्या त्याच आकड्यावरून एखाद्या डॉक्टरने औषधाची मात्रा ठरवली, तर तो कसा आला हे दाखवता आले पाहिजे.