मंदगती निकट चित्रण

मंदगती निकट चित्रण : पाण्याचा थेंब, कीटकाचे पंख, पेट घेणारी आगकाडी, घड्याळातील दातेरी चक्र यांसारख्या लहान वस्तूंच्या जलद हालचाली जवळून व मोठ्या आकारात चित्रित करून त्या पडद्यावर संथ गतीने दाखविण्याचे तंत्र. यात दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र येतात : प्रक्षेपणाच्या वेगापेक्षा अधिक वेगाने चित्रे घेणे आणि निकट भिंगाने वस्तूची मोठी प्रतिमा मिळविणे. दोहोंमुळे प्रकाशाची गरज वाढते. शिवाय विवर्धनाने वस्तूबरोबर तिची गतीही वाढलेली दिसते. त्यामुळे चित्रवेग, उद्भासनकाल, भिंगाचे छिद्र व प्रदीपन यांपैकी कोणतीही एक गोष्ट इतरांचा विचार न करता ठरविता येत नाही.

इतिहास : ऑस्ट्रियन धर्मोपदेशक व भौतिकीविज्ञ आउगुस्ट मुसगर यांनी आरशांचा उपयोग करणाऱ्या मंदगती चित्रण यंत्रणेचे एकस्व १९०४ मध्ये घेतले. त्याच सुमारास पॅरिस येथील मारे संस्थेत ल्यूस्यँ बुल यांनी विद्युत् ठिणग्यांच्या प्रकाशात कीटकांच्या उड्डाणाची सेकंदाला सु. १,२०० चित्रे घेतली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या काळात अत्यल्पकालिक विद्युत् स्फुरणांचा वापर रूढ केला. दुधाच्या थेंबाने उठणाऱ्या मुकुटाकृती उसळीची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. फिल्मच्या काळात हे चित्रण खर्चिक होते. १६ मिमी. फिल्मच्या एका फुटावर ४० चित्रे बसतात. त्यामुळे सेकंदाला १,००० चित्रे घेताना १०० फुटांचे रीळ अवघ्या ४ सेकंदांत संपे. इलेक्ट्रॉनीय संवेदकांमुळे ही अडचण दूर झाली असून सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय अनेक मोबाइल फोनांतही आढळते.

चित्रवेग : चित्रण व प्रक्षेपण यांच्या वेगांचे गुणोत्तर म्हणजे मंदनाचे प्रमाण होय. चित्रपटाचा प्रमाणित वेग सेकंदाला २४ चित्रे हा आहे. सेकंदाला २४० चित्रे घेतल्यास एका सेकंदाची घटना पडद्यावर १० सेकंद चालते. वेगाची निवड घटनेच्या कालावधीवरून करतात. एखादी उसळी ३० मिलिसेकंदांत घडत असेल, तर २४० च्या वेगाने तिची जेमतेम ७ चित्रे मिळतात. १,००० च्या वेगाने ३० चित्रे मिळून ती पडद्यावर सव्वा सेकंद दिसते. मधमाशीचे पंख सेकंदाला सु. २३० वेळा हलतात; प्रत्येक फडफडीच्या १० अवस्था टिपण्यासाठी सेकंदाला सु. २,३०० चित्रे घ्यावी लागतात. वेग वाढविताना अनेक कॅमेऱ्यांत चित्राची विभेदनक्षमता वा आकार कमी होतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

उद्भासनकाल : फिरत्या अर्धवर्तुळाकार शटरच्या परंपरेनुसार उद्भासनकाल हा दोन चित्रांमधील अंतराच्या निम्मा ठेवतात, म्हणजे २४ च्या वेगास १/४८ सेकंद व २४० च्या वेगास १/४८० सेकंद. सर्वसाधारण दृश्यांसाठी हा नियम पुरेसा असला, तरी निकट चित्रणात तो बहुधा अपुरा पडतो. ५० सेंमी. उंचीवरून पडलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला सु. ३.१ मी. होतो. १/४८० सेकंदात तो सु. ६.५ मिमी., म्हणजे स्वतःच्या व्यासाहूनही अधिक अंतर जातो आणि चित्रात थेंबाऐवजी केवळ एक पुसट रेघ उमटते. ही सरक ०.१ मिमी.पर्यंत मर्यादित ठेवण्यासाठी उद्भासनकाल सु. १/३०,००० सेकंद असावा लागतो. यावरून दिसते की, चित्रवेग वाढविल्याने गती संथ होते. परंतु प्रत्येक चित्राची रेखीवता उद्भासनकालावर अवलंबून असते. या दोन गोष्टींची गल्लत हे अस्पष्ट चित्रणाचे नेहमीचे कारण होय.

विवर्धन व प्रकाश : प्रतिमेच्या आकाराचे वस्तूच्या आकाराशी असलेले प्रमाण म्हणजे विवर्धन. निकट वस्तूसाठी भिंग संवेदकापासून दूर न्यावे लागते व प्रतिमा मंदावते. भिंगाचा परिणामी एफ क्रमांक काढण्यासाठी मूळ क्रमांकास (१ + विवर्धन) या संख्येने गुणतात. वस्तू व प्रतिमा समान आकाराच्या असताना एफ/८ हे छिद्र एफ/१६ प्रमाणे वागते आणि प्रकाश एकचतुर्थांश होतो. भिंगातून येणारा प्रकाश मोजणाऱ्या कॅमेऱ्यात हा फरक आपोआप धरला जातो. स्वतंत्र प्रकाशमापक वापरल्यास तो हिशेबात घ्यावा लागतो. सेकंदाला १,००० चित्रे घेताना, शटरचा वरील नियम पाळूनही, प्रकाश सु. ४२ पट लागतो. समान आकाराच्या प्रतिमेसाठी तो आणखी चौपट, म्हणजे एकूण सु. १६७ पट लागतो. संवेदकाची आयएसओ संवेदनक्षमता वाढवून ही तूट अंशतः भरून काढता येते; मात्र त्यामुळे चित्रात कणमयता येते.

स्पष्टतेची खोली : वस्तूच्या पुढचा व मागचा जितका भाग एकाच वेळी रेखीव दिसतो, तितकी ही खोली होय. ३६ × २४ मिमी. संवेदकावर ०.०३ मिमी. व्यासाचा पुसट ठिपका ग्राह्य धरल्यास एफ/८ या छिद्रास ती अर्ध्या आकाराच्या प्रतिमेसाठी सु. २.९ मिमी., समान आकारासाठी सु. १ मिमी. व दुप्पट आकारासाठी सु. ०.४ मिमी. भरते. छिद्र लहान केल्यास ही खोली वाढते. परंतु प्रकाश घटतो आणि विवर्तनामुळे संपूर्ण चित्रच मऊ होऊ लागते. समान आकाराच्या प्रतिमेसाठी एफ/१६ वापरल्यास परिणामी क्रमांक ३२ होऊन विवर्तनाची तबकडी सु. ०.०४ मिमी. होते. त्यामुळे अशा विवर्धनास एफ/५.६ ते एफ/११ ही मर्यादा सोयीची ठरते. थोडे दुरून चित्रण करून विवर्धन कमी ठेवणे, हा पुष्कळदा छिद्र लहान करण्यापेक्षा चांगला उपाय असतो.

प्रदीपन : वस्तू लहान असल्याने दिवा अगदी जवळ आणता येतो, हा या चित्रणाचा मोठा लाभ होय. लहान दिवा ६० सेंमी.वरून १५ सेंमी.वर आणल्यास प्रदीपन १६ पट होते. याकरिता वस्तू व भिंग यांत मोकळी जागा हवी असल्याने ५० मिमी.पेक्षा १०० मिमी. केंद्रांतराचे निकट भिंग पसंत करतात. तापदीपांच्या उष्णतेने फुले कोमेजतात, मेण वितळते व कीटक मरतात. म्हणून प्रकाश-उत्सर्जक डायोडांचे दिवे अधिक योग्य असतात. भारतातील वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्झ असल्याने त्यावर थेट चालणाऱ्या अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना न जाणवणारा हा फरक मंदगती चित्रात लुकलुकीच्या रूपाने उघड होतो. तो टाळण्यासाठी स्थिर एकदिश प्रवाहावरील दिवे किंवा सूर्यप्रकाश वापरतात.

मांडणी : कॅमेरा तिवईवर घट्ट बसवितात, कारण विवर्धनाने कंपनेही वाढतात. स्वयंचलित केंद्रीकरण व उद्भासन बंद ठेवून दोन्ही हाताने निश्चित करतात. थेंब पडण्याच्या जागी टाचणी वा मोजपट्टी धरून भिंगाचे केंद्रीकरण करतात व नंतर ती काढून घेतात. ओळीओळीने वाचन करणाऱ्या संवेदकात वेगवान वस्तू तिरकी वा वाकलेली दिसते; संपूर्ण चित्र एकदम टिपणाऱ्या संवेदकात हा दोष नसतो. घटना नेमकी केव्हा घडेल हे सांगता येत नसेल, तर स्मृतीत अखंड चित्रण चालू ठेवून घटनेनंतर ते थांबविणारे कॅमेरे वापरतात.

उपयोग : कीटकांचे उड्डाण, द्रवांची उसळी, इंधनाचे तुषार, यंत्रभागांची कंपने यांच्या अभ्यासात हे चित्रण मोलाचे आहे. चित्रपटांत लहान प्रतिकृती भव्य भासाव्यात म्हणून चित्रवेग प्रमाणाच्या वर्गमुळाइतका वाढवितात; १/२५ आकाराच्या प्रतिकृतीसाठी तो पाचपट, म्हणजे सेकंदाला १२० चित्रे असा ठेवतात. मोजमापासाठी चित्रण करताना चित्रवेगाची नोंद व चौकटीतील मापदर्शक पट्टी आवश्यक असते. कमी वेगाच्या चित्रणात संगणकाने मधली चित्रे रचून गती संथ भासविता येते. परंतु ती चित्रे अंदाजाने तयार झालेली असतात. प्रत्यक्षात न टिपलेली घटना त्यांतून कळत नाही, म्हणून शास्त्रीय पुरावा म्हणून ती ग्राह्य धरता येत नाहीत.